डावा माझा, उजवा तुझा

६ नोव्हेंबर, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

बारक्या,

हेडफोनच्या पडद्याची चौकट वजनाखाली ठेवून मी तिच्या शेजारीच हे लिहायला बसलो आहे. तुझे नाव लिहून झाल्यावर एकदा उठून वजन सरळ आहे ना ते पाहून आलो, म्हणून वर शाईचा ठिपका पडला. तो मनावर घेऊ नकोस.

'चिरंजीव' आणि आशीर्वाद वगैरे लिहिलेले नाहीत. दोन वर्षांनी मोठा असलेल्याने आशीर्वाद द्यावेत एवढी माझी पुण्याई नाही, आणि तुझे त्यांच्यावाचून अडले आहे असेही ऐकिवात नाही. तू दुसऱ्या कंपनीत गेल्यापासून मी पत्र पाठवले नाही. आजही पाठवले नसते, पण मालकांनी सांगितले. फोन करणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि आई दार लावून घेते.

कामाचे लिहितो. तू गेल्यावर दोन्ही बाजूंचे पडदे मीच ताणतो. अशा अकरा जोड्या बाहेर गेल्या, त्यांतल्या चार परत आल्या. तक्रार सगळ्यांची एकच. तीनचार महिने हेडफोन उत्तम चालतो, मग एका कानात चरचर सुरू होते, मग आवाज बसतो. बंद करून थोड्या वेळाने लावला की परत येतो. म्हणजे पडदा सैल पडून जाळीला चिकटतो आहे.

मालकांनी त्या चार जोड्या माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. शेजारी आपल्या दोघांच्या वेळच्या दोन जुन्या जोड्या ठेवल्या, त्या नुसत्या कानाच्या गाद्या बदलायला आल्या होत्या. म्हणाले, "डावा तुझा, उजवा त्याचा. उघड आणि मोज."

मोजले. ताणाच्या आकड्यात तुझे दोन्ही उजवे नव्वदवर उभे, जणू काल ताणले. माझे डावे, एक सत्तर आणि एक चौसष्ट. मालकांनी आकडे बघितले. चष्मा पुसत राहिले, आणि मग म्हणाले, "हे बघ, डिसेंबर संपायच्या आत मला एक जोडी दे. पंधरा दिवस अखंड चालवायची. दोन्हीकडचा आकडा सारखा राहिला तर ताणकामाचं टेबल तुझं. नाहीतर तयार पडदे मी तुझ्या भावाच्या कंपनीतून मागवतो. तू पॅकिंगला बैस. पगार तोच."

पगार तोच, हे त्यांनी दोनदा सांगितले. पगाराचे कोण विचारत होते? या टेबलाखेरीज मला दुसरे काही येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तू सोडलेल्या जागेवर मी टिकलो नाही, आणि तुझ्या कारखान्यातून आलेले पडदे खोक्यात भरायचे, हे मला जमणार नाही. शेवटी म्हणाले, "भावाला विचार. लाज कसली त्यात?"

तर विचारतो. शाळेत गणित चुकले की मास्तर म्हणायचे, पायऱ्या दाखव, चूक सापडेल. शाळा नववीत सुटली, पायऱ्या दाखवायची सवय राहिली. तेव्हा तुला माहीत असलेलेच पुन्हा लिहितो, कुठे चुकते ते दाखव.

सायकलची ट्यूब टेबलावर गोल ठेवतो. तिच्यावर फिल्म पसरून चहूबाजूंनी पट्टीने टेबलाला चिकटवतो. (केसाचे उभे तीस काप केले तर एक काप जेवढा, तेवढीच जाड फिल्म. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, त्यांना आवडते.) मग पंपाने ट्यूबमध्ये हवा भरतो. ट्यूब फुगते, फिल्म सगळीकडून सारखी ताणली जाते. काटा लाल खुणेवर आला की थांबतो. चौकटीला ग्लू लावून ती फिल्मवर उपडी ठेवतो, वर वजने. ग्लू पुरता धरायला एक दिवस आणि एक रात्र. मग कडेने कापतो, वीज धरणारा काळा लेप कापसाने लावतो, दोन जाळ्यांच्या मधे बसवतो आणि पावणेसहाशे व्होल्ट सोडतो. सैल पडदा विजेच्या ओढीने जाळीला जाऊन चिकटतो. फार ताठ पडदा चिकटत नाही, पण मग खालचे सूर मरतात आणि कडेच्या ग्लूवर ओढ बसते ती वेगळीच. म्हणून शेजारी छोटा स्पीकर वाजवून पडदा सेकंदाला किती कंपनांच्या सुरावर सर्वांत जास्त थरथरतो, तो आकडा पाहायचा. नव्वद आला की झाले. यात चूक कुठे आहे?

उलट मी तुझ्यापेक्षा जास्त काळजी घेतो. ग्लू वाळत असताना दर दोन तासांनी वजन उचलून आकडा बघतो. घसरला असेल तर हवा वाढवून जागेवर आणतो. तू काय करायचास? वजन ठेवलेस की शीळ घालत बाहेर, ते दुसऱ्या दिवशी उगवायचास. काटा बघायचाही तुला कंटाळा, तुझ्या ट्यूबमध्ये हवासुद्धा मीच भरायचो. आणि मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, धाकट्याच्या हातात जादू आहे.

तारा जोडणाऱ्या मावशी अजून तशाच आहेत. आज मी तिसऱ्यांदा वजन उचलले तेव्हा सोल्डरच्या धुरातून म्हणाल्या, "तुला मूल झालं ना, तर ते झोपलंय की नाही बघायला तू त्याला हलवून उठवशील." सगळे हसले. अशा वातावरणात काम करावे लागते.

आई बरी आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते म्हणते. आपली शेवटची जोडी, जिच्या जाळीवर ओरखडा होता म्हणून मालकांनी आईला दिली, ती लावून रोज संध्याकाळी तुझे बोलणे ऐकते. फोन व्होल्टच्या डब्याला जोडलेला, डब्याची तार कानाला. तुला पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवतोस. मला शेजारच्या खोलीत तुझा शब्द ऐकू येत नाही, फक्त तिचे हसणे येते. मी रोज तिच्या समोर असतो, माझ्या कोणत्याच बोलण्यावर ती अशी हसत नाही. दुरून डोंगर साजरे.

आणखी एक. तू निघालास त्या दिवशी खोलीत येऊन उभा राहिलास, तेव्हा माझ्या हातांत वजन होते, म्हणून बोलता आले नाही. आईने तुला काही वेगळे सांगितले असल्यास कळावे म्हणून लिहिले.

तुझे उजवे का टिकतात, एवढेच लिहून कळव.

दादा


२० नोव्हेंबर, सकाळचे सव्वासात, ट्यूबचे ठिगळ वाळेपर्यंत

बारक्या,

मी पत्र पाठवले होते. पत्राला उत्तर पत्राने देतात. तू आईला बोलून पाठवलेस.

परवा ती हेडफोन काढून मला हाक मारत आली. "अरे, त्यानं शेवटी तुझ्यासाठीपण सांगितलंय. ऐक बघू."

मी म्हणालो, "मी लिहून विचारलंय."

"मग? त्यानं बोलून सांगितलं. शब्द तेच ना?"

"मला ते ऐकायचं नाही."

"तिकडं बसून तो तुझ्यासाठी घसा कोरडा करतो आणि तू इकडं पोस्टमनची वाट बघत बैस. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" असे म्हणून ती पुन्हा हेडफोन लावून बसली. उजवीकडे मान कलती करून बसते हल्ली. तुझ्या बाजूला.

तू काय सांगितले असशील ते मला न ऐकताही कळते. तुझ्या कंपनीत हवा गाळून सोडतात, सगळे पांढरे अंगरखे घालतात, मशीन पडदा ताणते आणि तू कळ दाबतोस. हे सगळे आईने शेजारपाजारी सांगून झाले आहे. तुला अंगरखा शोभत असेल. तुला सगळेच शोभते. लहानपणी एकच कापड आणून दोन शर्ट शिवले तरी लोक तुलाच विचारायचे, नवा का रे?

तुमची माणसे आपल्याकडे आली तेव्हा त्यांनी जुन्या जोड्या ऐकल्या आणि मालकांना विचारले, उजवा कोण करतो? डावा कोण करतो, हे कोणी विचारले नाही. तू तरी म्हणायचे होतेस की डाव्यालाही एक माणूस आहे.

असो. तुझ्या मदतीशिवाय मी एक जोडी केली. विचार साधा होता. पुढे सैल पडणारच असेल तर आधीच जास्त ताणावे. काटा लाल खुणेच्या बराच पुढे नेला. दोन्ही बाजू एकशेतीसवर आल्या. ग्लू वाळेपर्यंत या खेपेला तासातासाने पाहत होतो. मालकांनी जोडी कानाला लावली, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"मी ढोल मागितला होता, टिमकी घेऊन आलास."

"पण टिकेल," मी म्हणालो.

"टिकू दे. मग ऐकू."

टिकली नाही. सहाव्या दिवशी उजवा एकशेअठरावर आणि डावा एकशेपाचवर. दोन्ही घसरले, तेही वेगवेगळे. सैल पडूनही पडदे जाळीपासून दूर होते, म्हणून चरचर नव्हती, पण आवाज एका बाजूला सरकला. गाणारी बाई आपल्या दोन कानांच्या बरोबर मधे उभी असते ना, ती रोज थोडी थोडी सरकत उजव्या खांद्यावर जाऊन बसली. दोन्ही पडदे माझे, एकाच दिवशी केलेले, तरी उजव्याचीच बाजू. मी मालकांना गंमत म्हणूनही हे बोललो नाही.

"आता एकदाच," मालक म्हणाले. "फिल्म फुकट येत नाही." वाया गेलेल्या फिल्मचे पैसे माझ्या पगारातून कापा, असे मीच सांगितले. त्यांनी नको म्हणायला हवे होते. म्हणाले नाहीत.

तू आईसाठी दर महिन्याला पाठवतोस ते पैसे मी खर्च करत नाही. कपाटातल्या डब्यात आहेत, सगळेच्या सगळे. घर माझ्या पगारात चालते. आईला विचार, उपाशी ठेवले आहे का.

तिचा कान जास्तच बिघडला आहे. काल तुझे बोलणे ऐकताना हेडफोनच्या आत हात घालून डावा कान झाकून घेत होती. मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणे, "या वयात नवा कान बसवणार आहेस का? म्हातारपण आहे. चालायचंच." मी तरीही पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. फी मी देणार आहे, डब्यातली नाही.

उत्तर लिहून पाठव. चार ओळी चालतील.

दादा


२९ नोव्हेंबर, दुपारचे अडीच, घरी

बारक्या,

आज सुट्टी घेतली. आई आत भांडी घासते आहे, गरजेपेक्षा जास्त आवाज करून. मला लिहायला बराच वेळ लागतो आहे, पण क्रमाने लिहितो.

सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला काचेच्या खोलीत बसवले, कानाला साधे हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिले. आवाज आला की दाबायचे. मी काचेबाहेर उभा राहून मोजत होतो. डाव्या कानालाही ती भराभर दाबत होती. पाहून मला उलट काळजी वाटली, की न ऐकताच दाबते आहे.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. डाव्याची रेघ, उजव्याची रेघ. एकीवर एक. म्हणाले, "दोन्ही कान सारखे आहेत. वयाच्या मानाने फारच चांगले. कोणी सांगितलं डावा बिघडलाय?"

मी आईकडे पाहिले. ती पिशवीचा बंद घट्ट करत होती.

"झालं असेल समाधान तर चला," ती म्हणाली. "उगाच डॉक्टरांचा वेळ."

घरी आल्यावर कुलूप उघडतानाच विचारले, "तुला डावीकडून चांगलं ऐकू येतं?"

"येतं की."

"मग वर्षभर कान बिघडला म्हणून का सांगत होतीस?"

ती चप्पल काढत राहिली. मग म्हणाली, "ते कानाला लावायचं यंत्र उलटं घालून बघितलं होतं मी. चरचर सुरू झाली त्याच आठवड्यात. उलटं घातलं तर चरचर उजव्या कानात आली. तुझी आई अडाणी असेल रे, पण एवढं कळतं."

"मग मला का नाही सांगितलंस? मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं असतं."

"तू समोर बसला होतास. कसा येतो आवाज, कसा येतो आवाज, म्हणून दहा वेळा विचारत होतास. काय सांगू? एका पोराचा गोड येतो आणि दुसऱ्याचा खरखरतो? तुम्ही दोघांनी मिळून केलेली तेवढी एकच वस्तू आहे माझ्या घरात. म्हटलं, माझा कान म्हातारा झाला. त्यात कुणाचं काय जातं?"

मी अजून दारातच कुलूप हातात घेऊन होतो. तर मला बाजूला सारून म्हणाली, "दार लाव, धूळ येते."

बारक्या, तिने माझ्यासाठी आपल्या चांगल्या कानाला नावे ठेवली. तुझ्यासाठी तिने असे कधी काही केले आहे का? आठवून कळव. मला वाटते, नसेल केले. हा एक गुण मला मिळाला. पण पाच मिनिटांनी दुसरे मनात आले, ते पहिल्याला खाऊन गेले. तुझ्यासाठी तिला असे करायची वेळच कधी आली नाही.

मग मी तिचे हेडफोन घेतले आणि तुझे बोलणे लावले. तू माझ्यासाठी बोललास तेवढेच.

उजवीकडून तू खोलीत असल्यासारखा आलास. डावीकडे 'दादा' म्हणालास तिथेच चरचर झाली. जड शब्द आला की पडदा जाळीकडे झेपावायचा, चिकटायचा, मग तू निम्माच उरायचास. हा डावा कोणता आहे ते मला उघडून बघायची गरज नव्हती. तू खोलीत येऊन उभा राहिलास त्या दिवशीचा. तेव्हा आकडा बघायची वेळ झालेली नव्हती. तुझ्याशी बोलावे लागू नये म्हणून मी वजन उचलले होते.

तू जे म्हणालास ते मी तीनदा ऐकून उतरवून घेतले, म्हणजे पुढे वाद नको:

"दादा, पत्र मिळालं. अक्षर अजून छापल्यासारखं आहे तुझं. मी चूक शोधायला बसलो, तर पायऱ्या सगळ्या बरोबर. ताण बरोबर आहे रे. माझ्या ट्यूबमध्ये हवा कोण भरायचं? तूच ना? मग डावा काय आणि उजवा काय, ताण तुझाच होता. मी फक्त नंतर हात लावला नाही. ग्लू ओला असताना वजन उचललं की फिल्म कडेला केसभर सरकते. तू हवा वाढवून आकडा जुळवतोस, पण कडेची पकड गेली ती गेली. व्होल्ट लागले की ती पुढं कितीतरी महिने सरकत राहते. मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं? इथलं मशीन चोवीस तास उघडतच नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी आपला पळून जायचो. तू माझ्या चौकटीकडं असा बघत बसायचास की मला तिथं बसवायचंच नाही. बरं, आईला दे आता. आणि रागावू नकोस. रागाव, पण जेवून घे."

हे ऐकून मला आधी राग आला. माझी काळजी हीच माझी चूक, असे कोणाला ऐकायला आवडेल? आळशी माणसाचे पडदे टिकतात आणि जागणाऱ्याचे सुटतात! मावशींनी झोपलेल्या मुलाचे सांगितले तेव्हा निदान विनोद म्हणून सोडून देता आले होते.

मग ताणाचे आठवले. हवा मी भरायचो. काटा मी बघायचो. मालक ज्याला धाकट्याच्या हातातली जादू म्हणायचे तो नव्वदचा आकडा मी लावलेला होता. हे मी पहिल्या पत्रात स्वतःच लिहिले होते, आळशीपणाचा पुरावा म्हणून, आणि मला दिसले नाही.

आई विचारते आहे, "काय म्हणतो?" जणू तिला माहीतच नाही. मी म्हणालो, कामाचं आहे.

दादा


१८ डिसेंबर, सकाळचे अकरा, कारखान्यात, हात रिकामे

बारक्या,

जोडी झाली. कशी ते लिहितो.

काटा लाल खुणेवर, एक रेघ पुढे नाही, एक मागे नाही. दोन्ही चौकटी ठेवल्या, वजने ठेवली, आणि मावशींना म्हणालो, खोलीला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा.

"किल्ली? का रे, आत नवरी बसवली आहेस का?"

"मी मागितली तरी देऊ नका."

त्यांनी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. दोन तासांनी मी मागितली. म्हणाल्या, "कोण तू? मी ओळखत नाही." चार तासांनी मी म्हणालो, आत पंखा चालू राहिला असेल. म्हणाल्या, "राहू दे, वारा खाऊ दे तुझ्या बाळांना." मला त्यांनी तारांची टोके सोलायला बसवले. शंभरेक सोलली. बोटांत एवढी आग होती, पण दाराकडे पाहिले की ती कळत नव्हती. तू शीळ घालत बाहेर कसा जायचास, हे मला अजून समजत नाही. मला शीळ येत नाही, हेही एक कारण असेल.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडले. डावा अठ्ठ्याऐंशी, उजवा अठ्ठ्याऐंशी. लेप दिला, जाळ्यांत बसवले, मालकांच्या टेबलावर पंधरा दिवस अखंड गाणे चालू ठेवले. मी रोज एकदाच मोजायचो, मालकांसमोर. काल शेवटचा दिवस. डावा सत्त्याऐंशी, उजवा सत्त्याऐंशी. नवी फिल्म एवढी बसतेच, पण दोघे मिळून बसले. गाणारी बाई मधोमध.

मालकांनी बराच वेळ ऐकले. काढून ठेवताना म्हणाले, "टेबल तुझं. शिकलास शेवटी धाकट्याची पद्धत."

धाकट्याची पद्धत! मी तोंड उघडले होते. ताण पहिल्यापासून माझाच आहे हो, दोन्हीकडे, असे म्हणणार होतो. पण हे आपणच आपल्या तोंडाने म्हटले तर काय राहिले त्यात? साक्षीदार जगात एकच आहे, आणि तो लिहीत नाही. बोलून पाठवतो. ते मालकांना कसे ऐकवू? पुढे तू जेवणाचे बोलतोस.

आईचा डावाही बदलला. जुना पडदा काढताना कडेला नखाने जरा उचलला तर सालीसारखा निघून आला. नवा ताणला, कुलूप लावले, किल्ली मावशींकडे. काल संध्याकाळी तिच्या कानाला लावून तुझे कालपरवाचे बोलणे सुरू केले. मी या वेळी समोर बसलो नाही, कसे येते म्हणून विचारले नाही. पाण्याचा तांब्या भरण्याचे निमित्त काढून आत गेलो.

तिनेच हाक मारली. म्हणाली, "अरे, आता मधे आला! नाकासमोर बसल्यासारखा बोलतोय!" आणि मान सरळ ठेवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून हसत राहिली.

म्हणजे बघ. एवढे दिवस निदान अर्ध्या बाजूने तरी तू तिला नीट पोहोचत नव्हतास. आता माझ्या डाव्यातूनही तूच येतोस. हे काम मी स्वतःच्या हाताने केले, आणि ते चोख झाले आहे. तेही माझ्या ताणावर.

सोबत तिकीट लावलेले रिकामे पाकीट पाठवतो. वर आपला पत्ता मी घातला आहे, तुला लिहावा लागू नये म्हणून. पत्रात एवढेच लिही की दोन्ही ट्यूबमध्ये हवा कोण भरत असे. मालकांना दाखवायचे आहे. बाकी काही लिहायचे असेल तर तुझी मर्जी. ते मी मालकांना दाखवणार नाही.

दादा

हिशेब

माझा खर्च:
कानाचे डॉक्टर, फी — ४००
सायकलची ट्यूब आणि ठिगळे — १६०
वाया गेलेली फिल्म, पगारातून कापली — ७५०
आईच्या डाव्याची फिल्म — मालकांनी पैसे घेतले नाहीत
एकूण — १,३१०

तुझे, डब्यातले, एकोणीस महिन्यांचे — ३८,०००
त्यातून पहिल्यांदाच काढले, सोबतचे पाकीट आणि तिकीट — ३०
तुला माझे देणे — ३७,९७०

तुझ्याकडून येणे — एक पत्र, तुझ्या हातचे. चुका चालतील.